बर्फाचं गाव निवडताना

दिवाळी झाली की आमच्या महाराणा प्रताप नगरात दोन प्रकारचे फलक शेजारी शेजारी दिसू लागतात. एकावर कोचिंग क्लासच्या यशस्वी विद्यार्थ्यांचे पासपोर्ट फोटो, दुसऱ्यावर बर्फात हात पसरून उभं असलेलं एखादं जोडपं. तीन वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या फलकाला मी भुलले. नाताळची सुट्टी होती, आम्ही चौघी मैत्रिणी होतो आणि पॅकेजच्या यादीत ‘स्कीइंग’ असं स्वच्छ छापलेलं होतं. प्रत्यक्षात पोचलो तेव्हा डोंगर तपकिरी होता. सावलीतल्या एका कोपऱ्यात बॅडमिंटन कोर्टाएवढा बर्फ उरला होता आणि त्यावर शंभरेक माणसं. भाड्याचे बूट मला एक नंबर मोठे. एका मुलाने हाताला धरून वीस-पंचवीस फूट घसरत नेलं, फोटो काढला आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. घरी आल्यावर फोटो बघून आजी म्हणाली, “छान आलाय गं. पण शिकलीस का?”

नव्हते शिकले. त्यानंतरच्या हिवाळ्यात पैसे साठवून रीतसर कोर्स केला, आणि तेव्हापासून मंडळात कुणालाही बर्फाची हुक्की आली की विचारणा माझ्याकडे येते. यंदा तिघांनी वेगळाच प्रश्न विचारला. दोघांची पदवी पूर्ण झाली आहे, एकीचं ‘ड्रॉप इयर’ आहे. त्यांना चार दिवसांची सहल नको, सहा-आठ आठवडे एकाच डोंगरी गावात राहून नीट स्कीइंग शिकायचं आहे. मग गाव कुठलं निवडायचं? तोंडी उत्तर देताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून हे लिहून काढलं.

मावठ्याचा हिशोब

भोपाळमध्ये डिसेंबर-जानेवारीत मध्येच ढग येतात, दोन दिवस पाऊस पडतो आणि रस्त्यावर लोक शालीत गुंडाळून पोहे-जिलेबी खाताना दिसतात. आपण त्याला मावठा म्हणतो, इथले हिंदी बोलणारेही मावठाच म्हणतात. हा पाऊस बरेचदा भूमध्य समुद्राच्या बाजूने, इराण-अफगाणिस्तानवरून येणाऱ्या पश्चिमी झंझावाताशी जोडलेला असतो. इथल्या वर्तमानपत्रांत त्यालाच ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. हाच झंझावात हिमालयाला थडकला की तिथे बर्फ पडतो. म्हणजे झोन-२ मध्ये तुमची स्कूटर भिजते, त्याच सुमारास वरती गुलमर्गचे लोक छपरावरचा बर्फ फावड्याने खाली ढकलत असण्याची बरीच शक्यता असते.

बर्फ पडणं आणि बर्फ टिकणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टिकण्याला तीन गोष्टी लागतात.

पहिली उंची. दर हजार मीटर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. भोपाळ समुद्रसपाटीपासून पाचशेएक मीटरवर आहे. महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. गुलमर्गचं नुसतं कुरण २,६५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी हजार मीटर चढून गेल्यावर तिथे स्कीइंग सुरू होतं.

दुसरी गोष्ट उताराचं तोंड. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन कमी पडतं आणि बर्फ जास्त दिवस राहतो. त्याच गावात दक्षिणेकडच्या उतारावर दुपारी चिखल झालेला असतो. हॉटेलवाल्याने पाठवलेला फोटो कुठल्या उताराचा आहे हे विचारायला लाजू नका.

तिसरी गोष्ट वेळ. आपल्याकडे शेतकरी जसा मृग आणि आर्द्रा वेगळे मोजतो, तसं काश्मीरमध्ये थंडीचे हिस्से पाडलेले आहेत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, मग वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. चिल्लई कलानमधला बर्फ गोठून घट्ट बसतो, त्यावर पुढचे थर उभे राहतात. उशिरा आलेला बर्फ कितीही पडला तरी लवकर ओघळतो. म्हणून सीझन ठरवायचा तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा धरा. १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी गुलमर्गला स्की क्लब काढला तेव्हा त्यांचे वर्षाचे दोन मोठे कार्यक्रम नाताळ आणि ईस्टरला होत. आज नाताळच्या सुट्टीच्या भरवशावर जाणाऱ्याची माझ्यासारखी गत होऊ शकते. नाताळच्या शुभेच्छापत्रावरचा बर्फ कॅलेंडर बघून पडत नाही.

चार ठिकाणं

गुलमर्ग. बर्फ आणि उंची या दोन्ही बाबतींत आपल्या देशात याच्या जवळपास येणारं दुसरं ठिकाण नाही. सैन्याने १९४८ मध्येच इथे स्की स्कूल काढलं, त्याचंच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था इथे कोर्स घेते. नवख्यांसाठी खालच्या कुरणात सौम्य उतार आहेत. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये कोंगडोरीपर्यंत सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत गेला. २०२० पासून खेलो इंडियाचे हिवाळी खेळ इथे होतात.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे गुलमर्ग हे खऱ्या अर्थाने गाव नाही. हॉटेलं, सरकारी इमारती, १९०२ सालचं छोटंसं सेंट मेरी चर्च, आणि बाकी कुरण. स्वेटर विणत ओट्यावर बसलेली आजी आणि पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाणारी पोरं तुम्हांला १३ किलोमीटर खालच्या टंगमर्गला भेटतात. दुसरं म्हणजे वरचा उतार नवख्यांसाठी नाही. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले, २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन. ही माणसं शिकाऊ नव्हती. गोंडोलाचं तिकीट कुणालाही मिळतं, म्हणून उतरण्याची लायकीही मिळाली असं होत नाही.

औली. बद्रीनाथला जाऊन आलेल्या आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना जोशीमठ माहीत असतं. औली त्याच्याच डोक्यावर आहे, साधारण २,५०० ते ३,००० मीटरच्या दरम्यान. उतार लांब आणि सलग, समोर नंदादेवी. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी खेळांतलं स्कीइंग इथेच झालं. गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स विद्यार्थ्यांमध्ये फार वर्षं लोकप्रिय आहेत.

पण औलीचा विचार जोशीमठाला सोडून करता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ खचू लागलं. आठशेहून जास्त घरांना तडे गेले, कुटुंबं निवाऱ्यात हलवावी लागली आणि जोशीमठ-औली हा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे बंद झाला. हे शहर जुन्या दरडीच्या मातीवर बसलं आहे, इथे मोठी बांधकामं नकोत, असं मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगून ठेवलं होतं. त्याच हिवाळ्यात बर्फ नाही म्हणून औलीतली राष्ट्रीय स्पर्धाही रद्द झाली. एकाच मोसमात पायाखालची जमीनही गेली आणि डोंगरावरचा बर्फही.

मनाली आणि सोलंग. चौघांत हेच खरं नांदतं गाव. बाजार, दवाखाने, वाचनालय, बसस्टँड, बारा महिने राहणारी माणसं. १९६१ मध्ये सुरू झालेली आणि आता अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाने ओळखली जाणारी पर्वतारोहण संस्था इथे आहे, आणि तिचे स्कीइंगचे कोर्स सोलंगच्या उतारावर चालतात. सोलंग मनालीपासून १३-१४ किलोमीटरवर, सुमारे २,५०० मीटर. तोटा सरळ आहे. उंची गुलमर्गपेक्षा थोडी कमी, उतार लहान, बर्फाची खात्री कमी आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग संपत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ९ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून खाली बर्फ नसला की सगळी गर्दी लाहौलमध्ये सिस्सूकडे सरकते.

नारकंडा. सिमल्यापासून साठ-पासष्ट किलोमीटर, सफरचंदाच्या बागांमधलं छोटं ठिकाण, उंची सुमारे २,७०० मीटर. बर्फ चांगला पडला तर पहिले आठ दिवस शिकायला स्वस्त आणि शांत. पूर्ण सीझनसाठी मात्र अपुरं.

शिकणं म्हणजे नेमकं काय

पहिल्या दिवशी तुम्ही स्कीइंग करत नाही. जड, ताठ बुटांत चालता, पडता, आणि पडल्यावर उठायला शिकता. स्की उताराला आडव्या ठेवल्याशिवाय उठता येत नाही, उठायला गेलं की त्या पळतात. हे एवढं अंगात यायला माझा अख्खा दिवस गेला.

मग येतो ‘स्नो-प्लाऊ’. दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ, मागची बाजू फाकवलेली, गुडघे आत. वरून बघितलं तर नांगराच्या फाळासारखा आकार होतो. हाच तुमचा ब्रेक. जितकं फाकवाल तितका वेग कमी. त्यानंतर वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकत वळणं, आणि बऱ्याच दिवसांनी दोन्ही स्की समांतर ठेवून उतरणं. एक-दोन आठवड्यांच्या प्राथमिक कोर्सनंतर सौम्य उतारावर आपला वेग आपल्या ताब्यात ठेवून खाली येता येतं. आत्मविश्वास येतो तो त्यानंतरच्या सरावाने. म्हणून आठ आठवड्यांचं गणित मी असं मांडते: दोन आठवडे प्राथमिक कोर्स, दोन-तीन आठवडे त्याच उतारावर रोज सराव, मग जमलं तर पुढचा कोर्स. उरलेले आठवडे हवामानाचे.

पहिल्या कोर्ससाठी संस्थाच धरा. तिथे सामान मापाचं मिळतं, शिक्षक रोज तोच असतो आणि चुकलं तर तो तुम्हांला ओरडतो. फोटो काढून देणारा ओरडत नाही, आणि तिथेच शिकणं थांबतं.

बर्फ नसलेल्या दिवसांचं गाव

‘हवामानाचे आठवडे’ म्हटलं, त्यावर जरा थांबते, कारण निवड खरं तर तिथेच ठरते.

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणं कोरडी पडल्याचे फोटो सगळीकडे फिरले. चिल्लई कलान जवळजवळ रिकामा गेला, बर्फ आला तो महिना संपताना. २०२५ मध्ये फेब्रुवारीत ठरलेले खेलो इंडियाचे गुलमर्गमधले खेळ बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले. देशातल्या सगळ्यांत भरवशाच्या ठिकाणची ही स्थिती. त्यामुळे तुमच्या पन्नास-साठ दिवसांपैकी अनेक दिवस पायात स्की नसतील, हे धरूनच निघावं लागतं. कधी बर्फ नाही म्हणून, कधी इतका पडला की लिफ्ट आणि रस्ता दोन्ही बंद म्हणून.

त्या दिवशी तुम्ही कुठे असाल? हॉटेलच्या खोलीत हीटरपाशी मोबाईल बघत, की एखाद्या घरात लाकूड फोडायला मदत करत? उताराची तुलना सगळे करतात. माझं म्हणणं आहे की आधी गावाची तुलना करा. भाड्याने खोली देणारं कुटुंब आहे का, पायी जाता येईल असा दवाखाना आहे का, दिवसभर बसून वाचता येईल अशी जागा आहे का, आणि बोलायला सहलीवर न आलेली माणसं आहेत का.

हे गाव फक्त आपल्यासाठीच महत्त्वाचं आहे असंही नाही. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, टंगमर्गचा आरिफ खान. जायंट स्लालममध्ये तो ४५वा आला. त्याच्या वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान. जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्य जिंकून स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक आणणारी आंचल ठाकूर मनालीजवळच्या बुरुवा गावची. दोघेही डोंगरातल्या गावांतून आले. हिवाळ्यात बर्फ आला नाही तर आपली सुट्टी वाया जाते, पण तिथे स्की भाड्याने देणाऱ्याचं, घोडेवाल्याचं, शिकवणाऱ्या मुलाचं वर्ष वाया जातं. चार दिवसांचा पर्यटक बर्फ नाही म्हटल्यावर बुकिंग रद्द करतो. सीझनभर राहणारा माणूस खोलीभाडं देतो, भाजी घेतो, शिकवणी लावतो आणि वाट बघतो. त्या गावाला दुसऱ्या प्रकारचा पाहुणा जास्त उपयोगाचा आहे.

जोशीमठाच्या बाबतीत हा विचार उलट दिशेलाही नेतो. खचलेल्या गावावर आपल्या राहण्याचं ओझं टाकावं का? की न जाऊन तिथल्या लोकांची उरलीसुरली कमाईही काढून घ्यावी? मला याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. मी तिथे लहान कोर्ससाठी जाईन, संस्थेच्या सोयीत राहीन, पण दोन महिन्यांसाठी आत्ता तरी नाही.

काश्मीरबद्दल घरचे विचारणारच. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनला मारल्या गेलेल्या २६ जणांत महाराष्ट्रातले सहा होते, इंदूरचेही एक होते. आपल्या मराठी घरांत ती बातमी अजून ताजी आहे. ‘काही होत नाही’ असं आई-वडिलांना सांगू नका, ते खरं नाही आणि त्यांना पटणारही नाही. निघण्याआधी प्रशासनाच्या सूचना बघा, राहण्याचा पत्ता घरी द्या, त्यांची भीती ऐकून घ्या, मग ठरवा. त्यांनी नाही म्हटलं तर मनाली आहेच.

भोपाळहून निघताना

काश्मीरसाठी आपली जागा सोयीची आहे. पुण्याहून निघणारी झेलम एक्सप्रेस भोपाळवरूनच जम्मूला जाते, मालवा एक्सप्रेस कटऱ्याला. ६ जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली आहे. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. बर्फ असताना टंगमर्गच्या पुढे साखळी लावलेली किंवा फोर-बाय-फोर गाडीच सोडतात, त्याचे पैसे वेगळे धरा. मनालीसाठी दिल्ली किंवा चंडीगडला बस बदलावी लागते. औलीसाठी ऋषिकेशपर्यंत रेल्वे आणि पुढे जोशीमठापर्यंत अडीचशे किलोमीटर घाट.

फोन करून पाच गोष्टी विचारा. शिकवणारा संस्थेचा आहे का? एका शिक्षकाकडे किती जण? बूट-स्की शुल्कात धरलेत की वेगळे? बर्फ नसेल तर कोर्स पुढे ढकलता की पैसे परत देता? आणि जवळचा हाडांचा डॉक्टर कुठे? विमा काढताना साहसी खेळ त्यात धरले आहेत ना, ते वाचून बघा, साध्या प्रवासी विम्यात बरेचदा नसतात. काळा चष्मा आणि सनस्क्रीन न्या, बर्फावरून उलटून आलेलं ऊन डोळे आणि कातडी दोन्ही जाळतं.

तयारी इथूनच सुरू होते. महिनाभर रोज अरेरा हिल्सचा चढ चालून जा आणि उतरताना गुडघे वाकवून सावकाश उतरा. मांड्या दुखल्या पाहिजेत. वर गेल्यावर सगळा भार त्यांच्यावरच येतो.

आता त्या तिघांसाठी माझं उत्तर. पहिल्यांदाच जाताय, दोन महिने आहेत, पैसे बेताचे आहेत, तर मनाली. सोलंगला कोर्स करा, पण खोली बाजारापासून दूर, एखाद्या जुन्या वस्तीतल्या घरात घ्या. पाय जरा बसले आणि सगळं ठीक असलं तर शेवटचे पंधरा दिवस गुलमर्गसाठी राखून ठेवा, खालच्या कुरणावर आणि कोंगडोरीपर्यंत. अफरवटचा माथा पुढच्या एखाद्या वर्षासाठी राहू द्या.

मी स्वतः दोन आठवडे सोलंगला होते. त्यातले चार दिवस बर्फ इतका पडला की उतार बंद होता. त्या चार दिवसांत घरमालकिणीने मला बिच्छूबुटीची भाजी शिकवली आणि मी तिला थालीपीठ. पाचव्या दिवशी ऊन पडलं, आणि मी पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत न पडता आले. फोटो काढायला कुणी नव्हतं. आजीला फोन करून सांगितलं, “शिकले.”